थकव्याला झोळीत जागा दे

पनवेल

चि. भाचीस,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर द्यायचं मी मुद्दाम टाळलं. दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तू ते नियम म्हणून वहीत लिहून घेतलं असतंस आणि पुढच्या रविवारी तुमच्या टेबलावर तोच वाद पुन्हा पेटला असता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या गेल्या खेळात तुमच्या रेंजरला घाट चढताना पाठोपाठ थकव्याच्या, म्हणजे एक्झॉशनच्या, दोन लेव्हल लागल्या, खेळणारा मुलगा चिडला, तू त्या मागे घेतल्यास. तिथवर काही बिघडलं नाही. पण शेवटी जे विचारलंयस, ‘मामा, थकवा खेळातून काढूनच टाकू का?’, त्याला माझं उत्तर ‘नको’ असं आहे. का नको आणि त्याऐवजी काय, तेवढ्यासाठी हे पत्र.

तू आखलेला नकाशा मी दोनदा पाहिला. खाडीच्या तोंडाशी बंदर, मागे अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला, पूर्वेला कोरीव पायऱ्यांचा उभा कडा आणि त्यापलीकडे घाट. नावं तू परक्या मुलखातली दिली आहेस, पण हे आपलं पनवेलच आहे: कर्नाळा, प्रबळगड, कलावंतीण आणि बोरघाट. असा मुलूख घेतलास आणि थकवा काढून टाकलास, तर बंदरापासून बाजारापर्यंतची चाल आणि प्रबळमाचीची चढण यांची किंमत सारखीच होते. मग नकाशा नुसता बघायचा राहतो. डोंगर हा तुझ्या गोष्टीतला सर्वांत ताकदीचा विरोधक आहे, आणि त्याच्या हातातलं एकमेव शस्त्र तू काढून घ्यायला निघाली आहेस.

चीड कुठून आली ते आधी बघू. तुम्ही २०१४ सालचे नियम वापरता. त्यांत दिवसाला आठ तासांची चाल धरलेली आहे. त्यापुढच्या प्रत्येक तासाला कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, फासा टाकायचा. नवव्या तासाला लक्ष्य ११, दहाव्याला १२, असं चढत जातं. चुकला की एक लेव्हल. पहिल्या लेव्हलला कौशल्याच्या फाशांना डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा), दुसरीला वेग निम्मा, तिसरीला हल्ला आणि बचाव दोन्ही पंगू, चौथीला हिट पॉइंट निम्मे, पाचवीला जागचं हलता येत नाही आणि सहावीला मरण. रात्रभर झोपलं, खाल्लं-प्यायलं तर उतरते फक्त एक. आता तुझ्या रेंजरच्या जागी बसून बघ. पुढे जायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं, फासा त्याने टाकला, हरला तो, आणि पुढचे दोन दिवस लंगडतोय तो. त्याने काही निवडलंच नव्हतं. जे आपण निवडलं नाही त्याची शिक्षा झाली की माणूस चिडतोच, मग ती खोटी का असेना.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: थकव्याच्या नियमाने खेळाडूला प्रश्न विचारावा. काय टाकून देतोस? कुठे थांबतोस? कोणाला मागे ठेवतोस? नुसती वजाबाकी करणारा नियम कितीही बिनचूक असला तरी टेबलावर चार सेशन टिकत नाही.

हा शोध माझा नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ चा. त्याच घराण्यातल्या १९८१ च्या सोप्या आवृत्तीत नियम असा होता की भुयारात दहा मिनिटांचा एक टर्न धरायचा आणि दर सहा टर्नांतला एक विश्रांतीला द्यायचा. नाही दिला तर विश्रांती घेईपर्यंत मारण्याच्या आणि इजेच्या फाशातून एक वजा. किती साधं! तासात दहा मिनिटं बसा, नाहीतर थोडं चुका. बसायचं की चुकायचं हे खेळाडूच्या हातात. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ‘थकलेला’ आणि ‘गळून गेलेला’ अशा दोनच पायऱ्या होत्या. पहिलीत ताकद आणि चपळाई दोन-दोनने कमी, दुसरीत सहा-सहाने. २०२४ च्या नव्या पुस्तकात सहा लेव्हल ठेवल्या, पण दर लेव्हलमागे फाशातून दोन आणि वेगातून पाच फूट वजा, इतकं सरळ केलं. हिशेब सोपा झाला हे खरं. प्रश्न विचारण्याचं काम तेही करत नाही.

मला पटलेलं उत्तर ‘केर्न’ नावाच्या एका छोट्या खेळात आहे. त्यात पात्राच्या सामानाला दहा कप्पे असतात. थकवा आला की तो एक कप्पा अडवून बसतो. बस. त्या कप्प्यात आता दोर राहत नाही, मशाल राहत नाही. थकलेल्या माणसाला कमी उचलवतं, ही डोंगरात रोज दिसणारी गोष्ट त्यांनी थेट झोळीत नेऊन ठेवली. कप्पे भरलेले असताना थकवा आला तर काहीतरी खाली टाकावंच लागतं, आणि काय टाकायचं ते खेळाडू ठरवतो. तुझ्या घरच्या नियमांचा पाया मी हाच घालीन.

आता तुमच्या झोळीकडे. तुमच्या पुस्तकात ताकदीचा आकडा गुणिले पंधरा इतके पौंड पात्र विनातक्रार उचलतं. म्हणजे दहा ताकदीचा अगदी साधा माणूस दीडशे पौंड, जवळजवळ ६८ किलो पाठीवर घेऊन आठ तास चालतो. अगं, ठाकूरवाडीतून प्रबळमाचीपर्यंत पाठीवर दहा-बारा किलो घेऊन चढलेल्या तरण्याताठ्या मुलांचे चेहरे मी वर्षानुवर्षं बघतोय. ६८ किलो म्हणजे एक अख्खा माणूस! त्यात पुऱ्या पोलादी चिलखताचं वजन ६५ पौंड, म्हणजे साधारण ३० किलो, ते वेगळं धरायलाही कोणी तयार नसतं. पौंड सोडून दे. दहा कप्पे धर. चिलखताला तीन, ढालीला एक, हत्याराला एक, अंथरूण-पांघरुणाला एक, शिध्याला एक, आणि पाण्याला दिवसाला दोन.

पाण्याला दोन कप्पे हे ऐकून तुझी मंडळी ओरडतील, पण इथे मी हट्ट धरीन. पुस्तकात माणशी रोज एक गॅलन पाणी सांगितलंय, म्हणजे पावणेचार लिटर, आणि उन्हाळ्यात दुप्पट. साडेसात लिटर म्हणजे साडेसात किलो. पाणी जड असतं, आणि ते जड आहे म्हणूनच लोक कमी घेतात. डोंगरातले निम्मे घोटाळे इथून सुरू होतात. तुझ्या खेळात पाणी प्यायलं की तो कप्पा मोकळा होईल, आणि प्यायला पाणीच नसेल तर त्याच कप्प्यात थकवा येऊन बसेल. वेगळा नियम लिहायची गरज नाही.

पुस्तकातल्या उन्हाच्या नियमावर मात्र आपल्याकडे अजिबात भरवसा ठेवू नकोस. तो शंभर अंश फॅरनहाइटला, म्हणजे ३८ सेल्सिअसला जागा होतो. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाळवंट होतं. कोकणात एप्रिल-मेमध्ये तापमापक पुष्कळदा ३४-३५ च्या आसपासच असतो आणि माणूस तेवढ्यातच कोसळतो, कारण हवेत इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. कर्नाळ्याच्या जंगलात सावली आहे, पक्षी गातायत, आणि तरी वारा पडलेला असला की शर्ट पिळून काढावा लागतो. म्हणून तुझ्या किनारपट्टीच्या मुलखासाठी आकड्याऐवजी साधा प्रश्न ठेव: वारा आहे का? वारा नसेल आणि अंगावर चिलखत असेल, तर दुपारी एक कप्पा गेला. घाटमाथ्यावर पोचल्यावर हा प्रश्न विचारायचा नाही. म्हणजे वर पोचण्याला आपोआप अर्थ येईल.

कर्तलबखानाची गोष्ट तुला ठाऊक आहे. शायिस्ताखानाने १६६१ च्या सुरुवातीला त्याला पुण्याहून कोकणात उतरायला पाठवलं, सोबत माहूरची रायबागन होती. खोपोली-पालीच्या बाजूला चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे, आपल्या घरापासून सकाळी निघून दुपारी जेवायला परत येता येईल इतकी जवळ. त्या अरुंद, गच्च झाडीच्या वाटेत खानाची फौज पुरती उतरेपर्यंत शिवाजी महाराजांनी तिला हात लावला नाही. परमानंदाच्या शिवभारतात या प्रसंगाचं वर्णन आहे. वारा नाही, पाणी नाही, मागे फिरायला जागा नाही. घाट उतरून दमलेल्या, तहानलेल्या सैन्यावर दोन्ही अंगांनी मारा झाला तेव्हा लढाई जवळजवळ ठरलेली होती. खानाने शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन सुटका करून घेतली. यातून तुझ्या खेळाला सर्वांत मोठी भेट मिळते: थकवा शत्रूलाही येतो. तुझे राक्षस, भाडोत्री सैनिक, लांडग्यांवर स्वार झालेले लुटारू, सगळ्यांना कप्पे दे. नेमके मोजू नकोस, टोळीमागे एक आकडा पुरे. मग तुझे खेळाडू पाणवठा बुजवतील, खोटी वाट दाखवतील, शत्रूला चिलखतासकट भर दुपारी चढायला लावतील. थकवा फक्त नायकांच्या कागदावर असतो तोवर तो जाच वाटतो. एकदा तो शत्रूवर वापरता आला की त्याच खेळाडूंना तो आवडू लागतो.

चालीचं म्हणशील, तर पुस्तकातला दिवसाचा २४ मैलांचा, म्हणजे सुमारे ३९ किलोमीटरचा आकडा सपाट रस्त्याचा आहे. मोठ्या जमावाला, म्हातारीकोतारी आणि पोरं धरून, दिवसेंदिवस कसं चालवायचं हे पाहायचं असेल तर आळंदीची पालखी बघ. पंढरपूर जवळजवळ २५० किलोमीटर, आणि पालखीला १८-२० दिवस लागतात. सरासरी तेरा-चौदा किलोमीटर. मधे विसावे, रात्री मुक्काम, आणि जड सामान दिंडीच्या ट्रकमधून पुढे गेलेलं. पण खरी हुशारी मुक्कामांच्या मांडणीत आहे. दिवेघाटाचा पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत लांबचा, तीस किलोमीटरच्या आसपास. त्याच्याआधी पुण्यात दोन रात्री मुक्काम, त्याच्यानंतर सासवडला दोन रात्री. अवघड दिवसाला दोन्ही बाजूंनी विश्रांतीचा टेकू दिलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालून हे वेळापत्रक घडलंय, आणि कुठल्याही खेळाच्या पुस्तकापेक्षा ते मला शहाणं वाटतं.

तेव्हा तासागणिक फासे टाकणं आजपासून बंद. दिवसातून तीनदा विचार: दुपारी, संध्याकाळी, मध्यरात्री. दुपारी विचार, पाणी आणि विसावा मिळाला का? संध्याकाळी, जेवण मिळालं का? मध्यरात्री, झोप लागते आहे का? ज्याचं उत्तर ‘नाही’, त्याचा एक कप्पा गेला. फासा नाही. फासा तेव्हाच, जेव्हा खेळाडू आपण होऊन म्हणेल, ‘थांबायचं नाही, रेटायचं.’ मग टाकू दे. जमलं तर कप्पा वाचला, नाहीतर दोन गेले. इथे हरला तरी तो चिडणार नाही, कारण रेटायचं त्यानेच ठरवलं होतं.

झोपेबद्दल एक गोष्ट आणखी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं की १७ ते १९ तास सलग जागा असलेला माणूस काही चाचण्यांत, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका किंवा त्याहून वाईट वागतो. दारूने हातातली ताकद जात नाही, पारख जाते. जागरणाचंही तेच. तलवारीच्या वाराला धक्का लावण्याआधी जागरणाने पहाऱ्याला, वाट ओळखण्याला, समोरचा खोटं बोलतोय का हे कळण्याला धक्का लागू दे. आणि घाट उतरताना लागू दे. चढताना माणूस धापा टाकतो, पण पडतो तो बहुधा उतरताना, गुडघे थरथरायला लागले आणि ‘आता काय, पोचलोच’ असं वाटायला लागलं की. कलावंतिणीच्या पायऱ्या चढताना घाबरणाऱ्याची मला चिंता वाटत नाही. उतरताना गप्प झालेल्याची वाटते. तुझ्या टेबलावर थकलेल्या पात्राचं वर्णन करताना धाप आणि घाम सांगत बसू नकोस. तो बोलायचा थांबला, पाणी पुढे केलं तर नको म्हणाला, साध्या प्रश्नावर खेकसला, असं सांग. कप्प्यांचा आकडा न सांगताही सगळ्यांना कळेल.

आता तुझ्या मनात आलेला आक्षेप मला इथे बसून दिसतोय. ‘मामा, मग बाजीप्रभूंचं काय?’ जुलै १६६० मधली आषाढातली रात्र, पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून चिखलापावसात विशाळगडाकडे साठ किलोमीटरच्या आसपासची धाव, मागे सिद्दी मसूदचे स्वार. आणि इतकं धावून झाल्यावर मूठभर बांदल मावळे घोडखिंडीत उभे राहतात आणि महाराज गडावर पोचल्याची तोफ होईपर्यंत वाट अडवून धरतात. तुमच्या पुस्तकाप्रमाणे ती माणसं तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला असती. प्रत्येक वार डिसअ‍ॅडव्हान्टेजने, अर्ध्या घटकेत खिंड मोकळी. ज्या नियमात पावनखिंड घडू शकत नाही तो नियम मराठी माणसाच्या टेबलावर चालवू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

त्यासाठी ‘उसनं बळ’ ठेव. दोन मुक्कामांच्या मधे एकदाच, खेळाडूने उभं राहून कारण मोठ्याने सांगायचं: कोणासाठी, कशासाठी, आणि केव्हापर्यंत. ‘तोफ ऐकू येईपर्यंत.’ त्या क्षणापासून त्याच्या थकव्याचे कप्पे कोरे धरायचे. तो ताज्या माणसासारखा लढेल. सांगितलेली गोष्ट झाली, किंवा हातची गेली, की आधीचा सगळा थकवा परत येतो आणि वर तेवढाच आणखी. दहा कप्प्यांत मावत नसेल तर तो कोसळला. कारण खोटं किंवा क्षुल्लक असेल, ‘मला ही पेटी लुटायचीय म्हणून’, तर हे बळ मिळत नाही. आणि तसं आहे का ते तू एकटीने ठरवू नकोस, टेबलाला ठरवू दे. तुमच्यात याच नियमावर सर्वांत जास्त चर्चा होईल, आणि ती होऊ दे.

दिवसभराचा थकवा एका झोपेत जातो, महिन्यांचा जात नाही. हे सांगताना मला आपल्या तालुक्यातल्या शिरढोणची आठवण येते. वासुदेव बळवंत फडके तिथे जन्मले, १८४५ साली. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यातली नोकरी आणि त्यानंतर १८७९ चं बंड हे तू शाळेत वाचलंस. खेळ चालवणाऱ्याने ते वर्ष पुन्हा वाचावं, कारण त्यात थकव्याचे सगळे प्रकार आहेत. मे महिन्यात त्यांचा उजवा हात असलेल्या दौलतराव नाईकांच्या टोळीने कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली लुटली. पळस्पे म्हणजे आपला रोजचा पळस्पे फाटा. लूट मोठी होती. ती घेऊन घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठलं आणि दौलतराव मारले गेले. मे महिना, घाटाची चढण, पाठीवर लूट, मागावर पलटण: तुझ्या पुढच्या सेशनला याहून चांगला प्रसंग मी सुचवू शकत नाही. प्रत्येक सोन्याच्या पिशवीला एक कप्पा लाव आणि खेळाडूंना घाटाच्या पायथ्याशी उभं कर.

दौलतराव गेल्यावर वासुदेव बळवंत दक्षिणेकडे वळले, नव्याने माणसं जमवायच्या खटपटीत राहिले, आणि त्या जुलैत विजापूरकडच्या देवर नावडगी गावात, तापाने फणफणलेले, दमून झोपलेले असताना पकडले गेले. शरीर संपलं होतं. म्हणून एक शेवटचा दंडक घाल: उघड्यावरच्या रात्रीने एकच कप्पा मोकळा होतो, तोही शेकोटी, जेवण आणि पहारा असेल तर. छप्पर, स्वच्छ पाणी आणि ओळखीची माणसं असतील अशा गावातच तीन मोकळे होतात. आणि सहा किंवा जास्त कप्पे थकव्याने अडलेले असताना सलग तीन रात्री गेल्या, तर ताप येतो. त्या तापाने मरण येऊ नये. पात्र चालू शकत नाही, एवढंच. मग बाकीच्यांना त्याला उचलून न्यावं लागेल, किंवा एखाद्या अनोळखी दाराची कडी वाजवावी लागेल. थकव्याने मेलेलं पात्र गोष्ट संपवतं. थकून आडवं झालेलं पात्र नवी गोष्ट सुरू करतं, आणि त्याला आसरा देणारं गाव तुझ्या नकाशावर कायमचं उभं राहतं.

तुमच्या जादूगाराबद्दल तू ओझरतं लिहिलंयस, की तो पहिल्याच चकमकीत सगळे मंत्र संपवतो आणि ‘आता झोपूया’ म्हणतो. हे जगभरच्या टेबलांवरचं दुखणं आहे. त्याला रागावू नकोस. मंत्र संपल्यावरही त्याला मंत्र टाकू दे, दरवेळी एक कप्पा देऊन. आणि झोपेचा खरा फायदा सुरक्षित मुक्कामातच आहे हे वर ठरलंच आहे. गुहेच्या तोंडाशी सकाळी दहा वाजता कोणालाही मुक्काम मिळत नाही.

राहिला माणसांचा थकवा. तुमच्यातला एक जण नाइट शिफ्ट करून येतो, दुसरी आठवडाभर लोकलला लटकते. त्यांची पात्रं ताजी आणि ते स्वतः पेंगलेले, अशा वेळी कुठलाच नियम चालत नाही. रात्री साडेदहाला पुस्तक मिटायचं, चकमक अर्धवट असली तरी. दर दीड तासाला उठायचं, चहा करायचा. आणि एखाद्याला आपलं पात्रच नकोसं झालं असेल, दोन वर्षं तोच कुऱ्हाडवाला खेळून कंटाळा आला असेल, तर ते बोलून दाखवायला त्याला जागा ठेव. त्या कुऱ्हाडवाल्याला एखाद्या गावात मानाने राहू दे, लग्न करू दे, गुरं पाळू दे. नवं पात्र त्याच गावातून निघेल. पात्र मारूनच सुटका होते, असं कोणाला वाटू देऊ नकोस.

हे सगळं एका पानावर मावलं पाहिजे. मावलं नाही तर कमी कर. आधी उन्हाचा प्रश्न काढ, मग तापाचा. कप्पे, तीन प्रश्न आणि उसनं बळ, या तिन्हीला मात्र हात लावू नकोस. पुढचे दोन-तीन खेळ होईपर्यंत आकडे बदलू नकोस आणि मधेच कोणाला सूटही देऊ नकोस. नियम सगळ्यांना सारखा लागतोय हे दिसलं की तो रेंजरवालाही शांत होईल. खेळ सुरू होण्याआधी त्याला हे पान वाचायला दे आणि तापाच्या नियमातला सहा कप्प्यांचा आकडा पाच हवा की सात, ते त्यालाच ठरवू दे.

एक काम माझ्याकडे उरलंय. तुझ्या बंदरातून निघणाऱ्या होडीवाल्यांचं काय करायचं ते मी अजून मांडलेलं नाही. पूर्वी मुंबईहून घाटावर जाणारी माणसं खाडीने पनवेलला उतरायची, आणि खाडीत वेळ ठरवते ती भरती. ओहोटी लागली की होडी चिखलात रुतते आणि वल्ह्यांना कितीही जोर लावला तरी हलत नाही. तिथे रेटण्याच्या फाशाला अर्थच नाही. म्हणजे पाण्यावर तीन प्रश्नांऐवजी भरती-ओहोटीच्या वेळा धराव्या लागतील. वल्हवणाऱ्यांना कप्पे किती द्यायचे ते तू सुचव, मी भरतीचं कोष्टक करून पाठवतो.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा